गरोदर बाईला दोन कुत्री

शबरंगने रोटीला तोंड लावलं नाही, तेव्हाच गोहरच्या छातीत धस्स झालं.

मेहेरगर्द गावात माणसांच्या आधी कुत्रं जेवतं. दिवस मावळायच्या सुमाराला घरातली बाई रोटीचे तुकडे घेऊन अंगणात येते, कुत्र्यापुढे ठेवते, आणि मगच आत जेवणाचा सुफरा पसरला जातो. या जरथुष्ट्री गावात कुत्रं उपाशी ठेवून कोणी जेवला असं कळलं, तर त्याच्या तोंडात शेण घालायला शेजारी कमी पडणार नाहीत. त्या संध्याकाळी तुकडे घेऊन सीमीन गेली होती. सीमीन म्हणजे गोहरची सून, आणि तिच्या सख्ख्या बहिणीची लेकही. डाळिंबं उतरवून झाली होती, इराणातल्या यझ्दच्या वाळवंटातला वारा गार पडायला लागला होता, आणि सीमीनला सातवा लागला होता. तिचा नवरा बहमन लांब मुंबईत कुणा इराण्याच्या हॉटेलात गल्ल्यावर बसत होता. म्हणजे घरात बायका दोघी, आणि अंगणात कुत्रा एक.

शबरंग उठला, रोजच्यासारखे कान मागे पाडून, कंबर घोळवत तिच्याकडे आला. आणि दोन पावलांवर थांबला. शेपटी हलायची राहिली. कान पुढे आले, जबडा मिटला, अंगाचा सगळा भार पुढच्या पायांवर आला. ना भुंकला, ना गुरगुरला. नुसता पाहत राहिला.

"खाऊन घे रे, काय बघतोस?" सीमीन हसली. "काल नाही बघितलंस मला?"

तंदुरापाशी बसलेल्या गोहरच्या हातातला रोटीचा गोळा तसाच राहिला. ही नजर ती ओळखत होती. सगळं गाव ओळखत होतं.

शबरंग काळाभोर, पण दोन्ही डोळ्यांवर एकेक तपकिरी ठिपका. असल्या कुत्र्याला चार डोळ्यांचं कुत्रं म्हणतात, आणि गावात कोणी गेलं की दस्तूरच्या, म्हणजे पुजाऱ्याच्या आधी बोलावणं त्याला येतं. प्रेताच्या छातीवर रोटीचे तुकडे ठेवायचे आणि कुत्र्याला समोर आणायचं. मेल्या देहावर माशीच्या रूपाने नसू येऊन बसते. मरणाची ती घाण माणसाला दिसत नाही, कुत्र्याला दिसते. कुत्रं टक लावून पाहतं, नसू पळते, कुत्रं तुकडे खातं, आणि मग देह उचलायला हरकत नाही. पण जीव अजून धुगधुगत असेल तर कुत्रं सरळ बघतच नाही. मान वळवतं, नाकावरून जीभ फिरवतं, उगाच जांभई देतं आणि दारात जाऊन बसतं. म्हातारा होरमझ्दयार असाच एकदा थंड पडला होता. बायकोने गळा काढला, जोडे शेजाऱ्याला देऊनही टाकले. शबरंग आला, जांभई दिली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी म्हातारा उठून वाडगाभर गरम आश मागायला लागला. पुढे कैक वर्षं जगला आणि शेवटपर्यंत त्या जोड्यांवरून बायकोशी भांडला.

गोहरच्या नवऱ्याच्या वेळी मात्र शबरंगने असंच पाहिलं होतं. असेच कान, अशीच थिजलेली शेपटी. तेव्हा तिने कुत्र्याच्या गळ्यात पडून विनवलं होतं, "बाबा रे, एकदा तरी मान वळव." त्याने वळवली नव्हती.

"सीमीन, आत ये," गोहर म्हणाली. "वारा लागतो. उद्यापासून कुत्र्याचं मी बघेन."

"का? मी काय पांगळी झाले?"

"सांगितलं ना! ये आत."

दुसऱ्या दिवसापासून गोहर शबरंगला बाहेर गल्लीत नेऊन घास देऊ लागली. तिथे तो शहाण्यासारखा खायचा, शेपटी हलवायचा. पण दार उघडं राहिलं की आत शिरायचा, सीमीन असेल त्या खोलीच्या दारात थांबायचा आणि टक लावायचा. हाकललं तर जायचा. पुन्हा यायचा. गोहरने त्याला गोठ्यात बांधलं, तर दाव्याला ताण देऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. भिंतीपलीकडे सीमीन झोपलेली होती.

अशा गोष्टी झाकून कुठे राहतात? सुईण खुर्शीदबानू सीमीनला बघायला म्हणून आली आणि तिने ते पाहिलं. खुर्शीदबानूच्या पोटात डाळिंबाचा दाणा टिकत नसे, तिथे ही बातमी काय टिकणार! चार दिवसांत पाटावर पाणी भरायला गेलेल्या सीमीनला बायका वाट सोडू लागल्या. प्रेमाने नव्हे. प्रेत नेताना सोडतात तशी.

"खाला," ती घरी येऊन मावशीला म्हणाली, "माझ्या अंगाला घाण येते का?"

"काहीतरीच तुझं."

"मग सगळ्या माझ्याकडे अशा का बघतात? परीदुख्त तर माझ्या घागरीला हात लागला म्हणून हात धूत बसली."

"तिला सवयच आहे हात धुवायची. मनावर घेऊ नकोस," गोहर म्हणाली आणि तोंड फिरवलं. ती घाबरली होती. इतकी की रात्री उठून सीमीनच्या नाकापाशी बोट धरायची. पोरगी घोरत असायची. दिवसा चांगली चार माणसांचं जेवायची, गालांवर लाली होती. मरणारं माणूस असं असतं? पण कुत्रं खोटं बोलत नाही. या गावातलं लहान पोरही हे जाणतं.

मग एके दिवशी गोहरच्या ध्यानात आलं. सीमीन बसली होती, शबरंग दारात, नजर तिच्याकडे. सीमीन डाळ पाखडायचं सूप खाली ठेवून उठली. माणूस उठलं की कुत्र्याची मान वर जाते, चेहऱ्यामागे जाते. शबरंगची गेली नाही, थोडीशीच सरकली. मग सीमीनने त्याच्याकडे पाहून चुचकारलं, तशी त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं, कान पाडले, शेपूट दोनदा हलवली. आणि लगेच पुन्हा खाली बघून थिजला.

तो सीमीनला बघत नव्हता. तिच्या पोटाला बघत होता.

आधी गोहरला हायसं वाटलं. बहिणीची लेक वाचली! एवढं वाटलं, आणि मग ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. आपल्याला कशाचा आनंद झाला हे कळून तिला स्वतःचीच शिसारी आली.

खुर्शीदबानूला तिने बोलावून घेतलं. सुईणीने तेल लावून पोट चाचपलं, कान लावला, सीमीनशी इकडचंतिकडचं बोलली आणि बाहेर येऊन अंगणात हात धुतले.

"पोट वाढायला हवं तेवढं वाढलं नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "एका अंगाला तर दगड ठेवल्यासारखं लागतं. तुझा कुत्रा बरोबर बोलतोय, गोहर."

"पण ती म्हणते हलतंय."

"पाण्याच्या पखालीत मेलेला मासा टाक आणि पखाल हलव. मासा हलणारच की! मेलेलं पोर आत राहिलं तर आईला नासवतं. मी एकदा थांबले होते, बाईच्या दयेपोटी. ती बाई महिनाभरात गेली. पुन्हा नाही थांबणार. काढा देते. कडू जहर आहे, पण दोन दिवसांत बाहेर पडेल. सून हवी की नको, तेवढं ठरव."

सून हवी होती. जीव टाकायची गोहर तिच्यावर. पण काढा पाजायचा म्हणजे खात्री हवी. आणि खात्री करायची या गावाला एकच रीत ठाऊक. दुपारी सीमीन डोळा लागून पडली होती. गोहरने रोटीचे तुकडे घेतले, रजईवरून तिच्या पोटावर ठेवले, आणि शबरंगला सोडलं.

तो आला. थांबला. पाहिलं. मग पुढे होऊन त्याने एकेक तुकडा उचलला. शेपटी न हलवता, आवाज न करता. प्रेतावरचा घास तो असाच उचलायचा.

सीमीनने डोळे उघडले तेव्हा शेवटचा तुकडा त्याच्या तोंडात होता.

थोडा वेळ तिला समजलंच नाही. तिने कुत्र्याकडे पाहिलं, रजईवरच्या चुऱ्याकडे पाहिलं, मग गोहरकडे. आणि ती अशी किंचाळली की शबरंग शेपूट पायात घालून पळाला.

"माझ्या पोरावर तू मेल्याची रोटी ठेवलीस? खाला? तू?"

"ऐक माझं, पोरी..."

"जिवंत आहे तो! हा बघ, हात लाव. लाव ना! आता का मागे घेतेस? रोटी ठेवताना नाही थरथरला हात?"

गोहरने हात लावला. तळव्याखाली काहीतरी सरकलं. तिला मासा आठवला आणि तिने हात काढून घेतला. मग जे होतं ते सगळं सांगितलं. शबरंगचं, सुईणीचं, काढ्याचं. सीमीन ऐकून घेत होती. रडत नव्हती, तेच जास्त वाईट होतं.

"म्हणजे कुत्र्याला कळतं आणि आईला कळत नाही," ती म्हणाली.

"तुझ्या नवऱ्याच्या बापाच्या वेळी मलाही असंच वाटत होतं. हात गरम लागत होता मला. कुत्र्याने पाहिलं, तेव्हा गार लागायला लागला."

"मी नाही पिणार."

"तू मेलीस तर मी बहमनला काय सांगू? तुझ्या आईला काय सांगू वर गेल्यावर?"

दोन दिवस गेले. काढ्याचा वाडगा फळीवर झाकून ठेवलेला होता, आणि दोघी त्याच्याकडे न बघता घरात वावरत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी सीमीनच बोलली.

"गरोदर बाई मेली तर कुत्री किती आणतात?"

गोहर दचकली. "दोन. जीव दोन म्हणून कुत्री दोन. हे काय अभद्र विचारतेस?"

"मग माझ्यावर एकच का आणलंस? रीत पाळायची तर पुरती पाळ. दुसरं कुत्रं आण. तुझ्या हातचं न खाणारं आण. तेही असंच बघत असेल तर मी वाडगा उचलेन. तुझी शपथ."

गोहरला नाही म्हणता आलं नाही. रीत खरीच तशी होती, आणि तिने अर्धीच पाळली होती.

चार डोळ्यांची दुसरी कुत्री गावात एकच होती. खुर्शीदबानूची झर्दी. पिवळट अंगाची, ओली बाळंतीण. गोठ्यातल्या गवतावर तिची पिल्लं होती. पिल्लांना सोडून यायला ती तयार नव्हती. धापा टाकत आली, सारखी मागे वळून बघत होती. खोलीत सीमीन भिंतीला उजवं अंग लावून आडवी पडली होती, दाराकडे डावं अंग. झर्दीने आधी तिच्या पायाचा तळवा चाटला. मग बाजूने पुढे सरकली आणि पोटापाशी येताच जागच्या जागी गोठली. कान पुढे. तोंड बंद. शेपटी सरळ.

"बघितलंस?" खुर्शीदबानू म्हणाली. तिच्या आवाजात जिंकल्याचा आनंद मुळीच नव्हता. "आता घे, बाळ. मीच पाजते."

सीमीनचा चेहरा पांढरा पडला होता. ती कोपरावर उठली, वाडगा घेतला. दोन्ही हातांनी तोंडाशी नेला. गोहर बघत होती ती मात्र झर्दीकडे. सुनेकडे बघायची छाती नव्हती, म्हणून कुत्रीकडे.

झर्दीने नजर सोडली. सीमीनच्या पायांना वळसा घालून ती पलीकडे गेली, आणि भिंत आणि सीमीन यांच्यामधल्या फटीत तिने नाक खुपसलं. तिथे तिचं सगळं अंगच बदललं. कपाळाची कातडी सैल झाली, कान घरंगळून मागे पडले, शेपटी जमिनीलगत झाडू फिरवावा तशी फिरू लागली. गळ्यातून बारीकसा, नाकातल्या नाकात आवाज आला. पिल्लं रांगत दूर गेली की कुत्री त्यांना परत बोलावते, तो आवाज. मग तिने त्या फटीत अंग कोंबलं, दुधाने भरलेलं पोट सीमीनच्या कुशीला लावलं आणि डोळे मिटून घेतले.

"थांब!" गोहर ओरडली.

वाडगा सीमीनच्या ओठांना लागलेला होता.

"थांब, गिळू नकोस! थुंक!"

तिने धावत जाऊन शबरंगला आणलं आणि झर्दीच्या बाजूने फटीत ढकललं. तो मागे ओढ घेत होता, आपल्या जुन्या जागेकडे मान वळवत होता. गोहरने गुडघा लावून त्याला दाबलं. त्याने नाक लावलं. शिंकला. मग पाण्यातून बाहेर आल्यासारखं सगळं अंग झाडलं, पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवली, ढुंगण वर केलं आणि रजईचं टोक दातात धरून ओढायला लागला. खेळायला बोलावत होता! एवढा म्हातारा कुत्रा. पिल्लू असल्यापासून तो असा खेळला नव्हता.

गोहर हसली आणि त्याच वेळी रडायला लागली. इतके दिवस शबरंग दारातूनच बघत होता, आणि सीमीन कायम दाराकडे डावी कूस करूनच बसायची. पलीकडून बघायला त्याला कोणी नेलंच नव्हतं.

"मलाही नीट सांग की काय ते," खुर्शीदबानू चिडून म्हणाली. "कुत्रं दोन तोंडांनी बोलत नाही, गोहर. अर्धं मेलेलं पोर कोणी पाहिलंय का?"

"तेच म्हणते मी. कुत्रं एकाबद्दल एकच बोलतं. आत दोघं आहेत. एक गेलंय. एक आहे."

सीमीनने वाडगा गोहरच्या हातात दिला आणि गोहरने तो नेऊन तंदुराच्या राखेत उपडा केला.

"गेलेल्याने दोघांना नासवलं तर?" सुईणीने विचारलं.

"तर माझ्या डोक्यावर."

"डोकं एक आणि माणसं दोन," खुर्शीदबानू पुटपुटली, पण दुसऱ्या दिवसापासून रोज येऊन ताप बघू लागली.

त्या हिवाळ्यात घरात चौघं होती. असं गोहरला वाटायचं, आणि वाटलं की ती शेगडीत उगाच निखारे सारत बसायची. सीमीन दुपारी पाय पसरून पोटाशी बोलायची. आधी उजवीकडे. "काय गं, झोपलीस का? उठ, तुझी आजी आश करतेय." तिने मनाशी मुलगी धरली होती. मग डावीकडे हात ठेवून, तितक्याच मायेने: "तू जागा आहेस ना? बहिणीकडे लक्ष ठेव बरं." हे ऐकून गोहरच्या अंगावर शहारा यायचा.

"गेलेल्याशी बोलू नये, सीमीन. त्याची वाट अडते."

"तो गेला हे तुझं कुत्रं सांगतं. तो माझा आहे हे मी सांगते."

गोहरने शेगडीत निखारे सारले. पोटावर रोटी ठेवली होती ती तिनेच.

थंडी सरता सरता मुलगी झाली. बारकी, पण रडली अशी की गोठ्यातली गाढवंही ओरडू लागली. तिचं नाव मरवारीद ठेवलं. तिच्यानंतर बऱ्याच वेळाने दुसरा आला. मुठीत मावेल एवढा, वाळलेल्या जर्दाळूसारखा. मुलगा होता. खुर्शीदबानूने त्याला फडक्यात गुंडाळलं. रीतीप्रमाणे शबरंगला आणलं. त्याने पाहिलं, तुकडा खाल्ला. मग त्या फडक्याला लोक गावाबाहेर घेऊन गेले.

एवढं झालं म्हणजे सुटलं, असं गोहरला वाटलं होतं.

पण शबरंगचं पाहणं थांबलं नाही. मरवारीद पाळण्यात असली की तो यायचा, शेपटी हलवून तिचे पाय हुंगायचा. मग मान थोडी वळवायचा. पोरीच्या डाव्या हाताला, पाळण्याच्या रिकाम्या बाजूला, त्याची नजर थांबायची. कान पुढे. तोंड बंद. गोहर पाळणा सरकवून बघायची, अंथरूण झटकायची. तिथे काही नव्हतं. घामाचा डागसुद्धा नाही. मरवारीद मोठी होत गेली, रांगायला लागली, तरी बिछान्यात कधी डावीकडे लोळायची नाही. अर्धी जागा सोडून झोपायची.

सीमीनला हे दिसत नव्हतं असं कसं म्हणावं? ती बोलत नव्हती, एवढंच.

गोहरने स्वतःची समजूत घातली की कुत्रा म्हातारा झालाय, डोळ्यांवर पडदा आलाय, त्याला काहीही दिसतं. पुढच्या वर्षी डाळिंबाच्या झाडाखाली शबरंग झोपला तो उठला नाही. गोहर रडली, माणसासारखी रडली. पण खरं सांगायचं तर मनात कुठेतरी तिला सुटल्यासारखंही वाटलं. आता कोणी बघणार नव्हतं.

काही दिवस गेले आणि खुर्शीदबानूने झर्दीचं एक पिल्लू आणून दिलं. बदामी रंगाचं, म्हणून त्याचं नाव बादाम. त्याने शबरंगला कधी पाहिलेलं नव्हतं. या घराचं त्याला काही माहीत नव्हतं. संध्याकाळ होती. मरवारीद पायरीवर बसून रोटी चघळत होती. बादाम तिला बघून वेडावला, जमिनीला छाती टेकून नाचला, तिचं नाक चाटलं. ती खिदळली. मग तो थांबला. कान पुढे आले. तोंड मिटलं. शेपटी हलायची राहिली.

तो तिच्या डाव्या हाताला, रिकाम्या पायरीकडे बघत होता.

मरवारीदने हातातली रोटी मोडली. अर्धी आपल्या मांडीवर ठेवली, अर्धी शेजारी पायरीवर. कुत्र्याला ठेवतात तशी नाही. जवळ बसलेल्याला देतात तशी, न बघता.

"कोणाला गं दिलीस?" गोहरने विचारलं.

पोरीने आजीकडे असं पाहिलं, जणू आजी खुळी आहे. "त्याला."

गोहर आत गेली. काय करायचं ते तिला आता स्वच्छ दिसत होतं, आणि इतके दिवस दिसलं नाही याचा रागही येत होता. कुत्र्यापुढे घास ठेवताना गेलेल्याचं नाव घेतात. नावाने ठेवलेला घास त्याला पोचतो, आणि त्याच्या जोरावर तो पुढची वाट चालतो. नवऱ्याच्या नावाने तिने कितीदा ठेवला होता. पण ज्याने श्वासच घेतला नाही त्याला नाव कसलं? या पोराला कोणी नाव दिलं नव्हतं. नाव नाही म्हणून घास नाही, घास नाही म्हणून वाट नाही. बिचारा बसून राहिला होता बहिणीच्या शेजारी, आईने सांगितलं होतं तसा. गोहरने आपल्या बापाचं नाव ठरवलं. फरीबुर्ज. चांगलं, भारदस्त नाव. तिने तुकडे केले आणि अंगणात आली.

सीमीन दारातच उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. गोहरच्या हातातले तुकडे, तिच्या ओठांची हालचाल. पुढे होऊन तिने गोहरचं मनगट धरलं.

"नाव घेऊ नकोस, खाला."

"अगं, सुटेल तो. किती दिवस असा ताटकळत ठेवायचा? लेकरू आहे ते."

"लेकरू आहे म्हणूनच. एकटा कुठे जाईल? वाट तरी कळेल का त्याला?"

"सीमीन, हे बरं नव्हे. पोरगी मोठी होतेय. उद्या तिला काही झालं तर?"

"तेव्हा नाही झालं. मेलेलं आत राहिलं तर दुसऱ्याला नासवतं म्हणत होतात ना तुम्ही सगळ्या? नासवलं का? शेजारी बसून सांभाळलं त्याने." सीमीनचा आवाज चिरला. "तू एकदा माझ्या पोटावर रोटी ठेवलीस. मी तुला पुन्हा कधी बोलले? आज एकदाच मागतेय. तो आहे तिथे राहू दे. मला दिसत नाही तो, खाला. तुझ्या कुत्र्यांना दिसतो. तेवढं तरी राहू दे."

गोहर उभी राहिली. नाव तिच्या ओठांवर होतं. नुसतं पुटपुटलं असतं तरी चाललं असतं, सीमीनला ऐकूही गेलं नसतं, आणि पोराची सुटका झाली असती. तेच बरोबर होतं. आयुष्यभर ती तेच शिकली होती.

तिने वाकून तुकडे बादामपुढे ठेवले आणि नाव गिळून टाकलं.

सीमीनने मनगट सोडलं. मरवारीदला तिने उचलून उजव्या कडेवर घेतलं. जन्मल्यापासून ती पोरीला उजव्याच कडेवर घेत आली होती, आणि ते गोहरच्या लक्षात आलं ते आज. डावा हात थोडा बाहेर काढून, कोणाला तरी धरल्यासारखा, ती आत गेली. बादाम खाता खाता थांबला आणि तिच्या त्या रिकाम्या हाताकडे पाहत राहिला.